असिस्टंट जुन्या लॅराव्हलचा कोड लिहीत होता

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा अडत्यांसाठी लॅराव्हल ११ मध्ये (पीएचपी भाषेत वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) हिशेबाचं वेब ॲप करतोय. कोड लिहायला एआय कोडिंग असिस्टंट घेतला, तर तो माझं मिडलवेअर (प्रत्येक विनंती आत जाण्याआधी तपासणारा कोड) कर्नल.पीएचपी या फाइलीत नोंदवायचा. ११ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल नसतेच. नोंद बूटस्ट्रॅप फोल्डरातल्या ॲप.पीएचपीत होते. नसलेली फाइल तो नव्याने तयार करायचा, लॅराव्हल ती वाचत नसे आणि एररही येत नसे, म्हणून दोन रात्री गेल्या. टेस्टिंगमध्ये एका अडत्याला दुसऱ्याची खातेवही दिसली, तेव्हा पोटात गोळाच आला.

शेवटी प्रोजेक्टच्या रूट फोल्डरात एजंट्स.एमडी (असिस्टंटसाठीच्या सूचनांची फाइल) ठेवली: आवृत्ती, मिडलवेअरची जागा, टेस्टची कमांड. एवढंच, लांबलचक सूचना मला तरी कामाच्या वाटत नाहीत. पासवर्ड असलेली .एन्व्ह फाइल वाचायची परवानगी मात्र सेटिंगमधूनच काढली, नुसतं लिहून भागत नाही. नवं सेशन उघडलं, मिडलवेअर योग्य जागी गेलं.