सोलापुरातल्या जुन्या बारी थिएटरचा इतिहास लिहायचा तर

बारी थिएटर म्हणजे संगीतबारीचं घर, जिथे लावणीच्या पार्ट्या आळीपाळीने नाच-गाणं सादर करतात. त्याच्या इतिहासाची सुरुवात मालमत्ता पत्रकापासून (प्रॉपर्टी कार्ड) करा. थिएटरचं नाव मालकागणिक बदलतं, सिटी सर्व्हे क्रमांक सहसा टिकतो. नगर भूमापन कार्यालयातून पत्रकासोबत चौकशी नोंदवहीचा उताराही घ्या, मूळ धारक त्यात सापडतो. करआकारणीच्या जुन्या नोंदी महापालिकेकडे मागा. खेळांचे परवाने पोलीस आयुक्तालयाकडे, आयुक्तालय होण्याआधीच्या काळासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, मुदत ३० दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. पेठ, क्रमांक आणि वर्षं घाला. इंग्रजी दप्तरात गाव ‘शोलापूर’ या नावाने शोधा.

खेळाच्या जाहिरातीच्या हस्तपत्रिकेवर साल शालिवाहन शकात असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८५२चा माघ १९३१मध्ये येतो. इथेच बहुतेकांचं एक वर्ष चुकतं. पत्रिका लॅमिनेट करू नका, कागद कायमचा जातो. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पाठीमागे कधी हिशोब असतो.

इमारतीत गर्डरवरचा शिक्का वाचा. ‘टाटा’ असेल तर तो गर्डर १९१२च्या आधीचा नाही. मात्र जुनं लोखंड पुन्हा वापरलेलं असू शकतं, म्हणून एवढ्यावरून बांधकामाचं साल ठरवू नका. रंगमंचाची लांबी-रुंदी मोजताना दोन्ही कर्णही मोजा, जुने कोपरे काटकोनात नसतात.

खरं काम यापुढचं आहे. वरच्या कागदांत मालक सापडतो, नाचणारी बाई जवळजवळ कुठेच नाही. तिच्याविना लिहिलेला इतिहास फक्त भिंतींचा होतो. आणि ही शाहीर राम जोशींची भूमी! संगीतबारीत पार्टी बहुधा बाईच्या नावावर चालते, थिएटरमालक वेगळा असतो. म्हणून पार्टीच्या मालकीणबाई, ढोलकीवाले, पेटीवाले या सगळ्यांना वेगवेगळं भेटा. मालकासमोर हिशोबाचं कुणी मोकळं बोलत नाही.

साल विचारू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘गड्ड्याच्या यात्रेत किती बाऱ्या व्हायच्या?’, ‘गिरणीची पाळी सुटल्यावर गर्दी वाढायची का?’ असं विचारा. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षक बाईला देत ते पैसे, कुणाच्या हातात पडायची, मालकाचा वाटा किती, ढोलकीवाल्याला काय मिळायचं, राहण्याची खोली कोणती, हे नेमकं लिहून घ्या. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळला नाही तर दोन्ही नोंदवा. सरासरी काढलीत तर दोन्ही साक्षी वाया जातात.

बाईंना ‘ताई’, ‘मावशी’ म्हणा आणि रेकॉर्डर सुरू करण्याआधी परवानगी घ्या. लिहिलेलं छापण्याआधी वाचून दाखवा. मुलाबाळांसाठी नाव नको म्हणाल्या तर नाव काढा, पण काम, काळ आणि थिएटर ठेवा. रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरी पोचवा.