आधी ‘आदर्शवाद’ खोडा

बी.ए.च्या वर्गात वस्तुनिष्ठ चिद्वाद (ऑब्जेक्टिव्ह आयडियालिझम) शिकवताना माझा पहिला तास दरवर्षी एक शब्द खोडण्यात जातो: आदर्शवाद. तो फळ्यावर राहिला की मुलं उत्तरपत्रिकेत ध्येयं, त्याग आणि सत्यवचन भरतात. इथे विषय आदर्शांचा नाहीच. आयडियालिझमला ‘चिद्वाद’ म्हणा. जगाचं मूळ स्वरूप जड नसून विचाररूप आहे, एवढं त्याचं म्हणणं.

‘वस्तुनिष्ठ’ म्हटलं की चार पर्यायांचे प्रश्न आठवतात, तेही विसरा. तो विचार तुमच्यामाझ्या डोक्यापुरता नाही, इतकाच इथे अर्थ.

आता खडू घ्या, त्रिकोण काढा. माझा नेहमी वाकडा येतो. कोन काटेकोर मोजले तर बेरीज १८० भरेलच असं नाही. मग भूमितीतले ते १८० अंश कुठल्या त्रिकोणाचे? फळा पुसून टाका आणि पुन्हा विचारा. इथे पाच मिनिटं अडखळलात तर, खरा त्रिकोण फळ्यावर नाही, विचाररूपात असतो म्हणणारा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो अर्धा कळला.

आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीपाशी मात्र जपून. १७१०च्या ग्रंथात तो म्हणतो, वस्तूचं असणं म्हणजे तिचं जाणवणं. ‘डोळे मिटले की टेबल नाहीसं होतं’ असं त्याच्या नावावर खपवू नका. त्याच्याकडे ईश्वर पाहत असतोच. पण टेबल शेवटी कुणाच्या तरी मनातलं संवेदनच राहतं, म्हणून त्याचा चिद्वाद व्यक्तिनिष्ठ. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला पाहणारा लागत नाही. निसर्ग आणि इतिहास यांची घडणच त्याच्या लेखी विचाराची आहे. (हेगेल थेट मुळातून वाचायला घेऊ नका, पहिल्या वर्षी तर नाहीच.)

मला स्वतःला वस्तुनिष्ठ चिद्वाद उमगला तो अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याच्यामुळे. १८९१च्या एका लेखात तो हेच नाव घेऊन सांगतो: जडद्रव्य म्हणजे थकलेलं मन, आणि मुरलेल्या सवयी म्हणजे निसर्गनियम. आमच्या मैदानातून कँटीनकडे जाणारी पायवाट कुणी आखलेली नाही. पावलं पडत गेली, गवत मेलं, आता नवा मुलगाही तिथूनच जातो. तसंच काहीसं. ‘सर, मग भिंतीतून जाता येईल?’ हा प्रश्न ठरलेला. नाही रे बाबा, भिंतीची सवय तुझ्यापेक्षा फार जुनी आहे.

उत्तर लिहून झालं की प्रत्येक वाक्याला विचारा, ‘कुणाच्या मनात?’ एखादं नाव हाती लागलं, तर तुम्ही अजून बर्कलीकडेच आहात. ते वाक्य खोडा.