‘त्या लोकांना फ्लॅट देत नाही’ : सोसायटीतल्या वंशभेदाला लेखी उत्तर कसं द्यायचं

मणिपूरच्या नर्सला किंवा नायजेरियाच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईत घर नाकारताना सहसा कुणी शिवी देत नाही. ‘कमिटीचा नियम आहे’ एवढंच सांगतात. मालक तयार असतो, डिपॉझिट ठरलेलं असतं, पण फोटो पाहिल्यावर ब्रोकर फोन उचलेनासा होतो. हा वंशभेदच आहे. माणसाचं वागणं कुणी पाहिलेलंच नसतं, पाहिलेले असतात फक्त डोळे, केस आणि कातडीचा रंग. असा तोंडी नियम कागदावर आणायला लावला की बहुतेकदा तिथेच गळून पडतो.

म्हणून मालकाने सेक्रेटरीला दोन ओळींचं पत्र द्यावं : ‘माझी सदनिका अमुक तारखेपासून लिव्ह अँड लायसन्सवर देत आहे. संस्थेची हरकत असल्यास उपविधीच्या क्रमांकासह लेखी कळवावे.’ दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. पोच देत नसतील तर पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उपविधी म्हणजे संस्थेची नियमावली. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत क्रमांक ४३ प्रमाणे भाडेकरू ठेवायला संस्थेची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवावं लागतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. आपल्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारलेत, ते आधी तपासा. ‘सभेत ठराव झालाय’ म्हणाले तर ठरावाची प्रत मागा. उपविधीच्या विरुद्ध ठराव चालत नाही, त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करता येते.

मालक चुकतात ते स्वतःच्या कागदांत. करार नोंदवलेला हवा, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे गेलेली हवी, आणि परदेशी नागरिक असेल तर तो राहायला आल्याची माहिती (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) २४ तासांत ऑनलाइन भरलेली हवी. यातलं एक राहिलं की कमिटीला आयतं निमित्त मिळतं.

वासाची तक्रार वेगळी हाताळा, कारण ती कधी खरीही असते. नागा मुलींच्या घरी आखुनी शिजते, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणि त्याचा वास उग्र असतो. पण सुके बोंबील भाजले की आपलाही जिना दरवळतो. बोंबलांना जो नियम, तोच आखुनीला. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, एवढं सांगता येतं. घर सोडा असं सांगता येत नाही.

‘ते वेगळ्याच वंशाचे’ असं सभेत कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की माणसामाणसातली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. रंगावरून स्वभाव किंवा गुन्हेगारी ओळखता येते, या समजुतीला जीवशास्त्रात आधारच नाही. आणि ‘हबशी’ हा शब्द आपण हिणवायला वापरतो, त्याचा मूळ अर्थ फक्त हबसाणचा, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा, माणूस. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर तिथलाच. त्याने निजामशाही सांभाळली, १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले.

शिवीगाळ झालीच तर त्याच दिवशी सगळं लिहून काढा : तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि नेमके शब्द. ‘अपमानास्पद बोलले’ असं लिहिलं की तक्रार तिथेच दुबळी होते. ईशान्येकडच्या लोकांना हिणवायला वापरतात तसं ‘चिंकी’ म्हणाले असतील तर ‘चिंकी’ हाच शब्द लिहा, लाज वाटली तरी. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला केसांवरून हिणवलं, मारलं, आणि तो दगावला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक शिवीगाळीसाठी स्वतंत्र कलमं सुचवली, पण भारतीय न्याय संहितेतही ती आली नाहीत. त्यामुळे कोणतं कलम लागणार, हे तुमच्या तक्रारीतल्या शब्दांवर ठरतं.

डिवचून शांतता भंग करायला लावण्यासाठी केलेल्या अपमानाला या संहितेचं कलम ३५२ लागतं. ते अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे हातात फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद मिळते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘या लोकांना हाकला’ अशी चिथावणी असेल तर कलम १९६ चा मुद्दा लावून धरा, ते दखलपात्र आहे. तक्रारदार अनुसूचित जमातीचा असेल आणि शिवीगाळ करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर अॅट्रॉसिटी कायदा पाहा. जमातीवरून केलेला अपमान लोकांदेखत झालेला असावा लागतो, म्हणून जिन्यात, पार्किंगमध्ये हजर असलेल्यांची नावं महत्त्वाची. ‘तुमचा दाखला नागालँडचा, इथे चालणार नाही’ असं ठाण्यात सांगतील, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०२३ चा निर्णय दाखवा : या कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं नाही. आफ्रिकी विद्यार्थ्याला मात्र हा कायदा लागू नाही.

दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात नोंद घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, जिल्ह्यात असाल तर अधीक्षकांना. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

शेजारी म्हणून तुम्ही हे ऐकलं असेल तर ठाण्यात सोबत जा. मराठीत लिहिलेला जबाब सही करण्याआधी त्यांना समजेल त्या भाषेत वाचून दाखवा. साक्षीदार म्हणून आपलं नाव आणि फ्लॅट नंबर तक्रारीतच लिहून द्या, नंतर देतो म्हणू नका.