अमेरिकेत फॉलची (पानगळीच्या ऋतूची) सजावट स्वस्तात कशी करायची: दसरा ते थँक्सगिव्हिंग एकाच सामानात

सप्टेंबर लागला की इथल्या सगळ्या दुकानांत केशरी-तपकिरी माल येऊन पडतो आणि कार्टमध्ये चार वस्तू टाकल्या की पन्नास डॉलर कधी गेले ते कळतही नाही. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते की ज्याच्यावर काहीतरी छापलेलं आहे ते घेऊ नका. भूत, वटवाघूळ, हॅलोवीनची अक्षरं असलेली वस्तू १ नोव्हेंबरला बाद होते, टर्की पक्षी छापलेली थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी. आपल्या घरात तर या दोन महिन्यांत नवरात्र, दसरा, दिवाळी पण असते, म्हणजे तीन-चार वेळा सजावट बदलायची वेळ येते. त्यापेक्षा एकच साधा बेस मांडा, पिवळा-केशरी-मरून, आणि सणाप्रमाणे त्यावर फक्त दोन-तीन गोष्टी बदला. हे रंग आपल्या सणांचेच आहेत, त्यामुळे काहीच विसंगत दिसत नाही.

पैसे खर्च करायचेच तर भोपळ्यांवर करा, पण खाता येतील अशा. कोरायचे मोठे पंपकिन पाणचट असतात, त्याऐवजी छोटे पाय पंपकिन (गोड पदार्थांसाठीचे भोपळे), बटरनट, एकॉर्न स्क्वॉश अशा खायच्या भोपळ्यांचे प्रकार मिक्स घ्या. पंपकिन पॅचवर, म्हणजे भोपळ्यांच्या शेतावर, मुलांना फिरायला जरूर न्या, पण खरेदी आल्डी, ट्रेडर जोज किंवा जवळच्या ग्रोसरीत करा, तिथे बऱ्याचदा नगावर भाव असतो आणि पॅचवर वजनावर. घेताना देठ घट्ट आहे का बघा, नख दाबून साल कडक आहे का बघा, आणि देठाला धरून अजिबात उचलू नका, देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात होते. घरी आणल्यावर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करा आणि खाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर एखादा खालून गळायला लागला की लाकडी फ्लोअरवर डाग पडतो. न कोरलेला चांगला भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज टिकतो, कोरलेला मात्र आठवडाभरात मऊ पडतो, त्यामुळे मुलांसाठी एकच कोरायचा आणि तो हॅलोवीनच्या दोन-तीन दिवस आधी. बाहेर ठेवलेले खारी कुरतडतात, आणि तापमान शून्य सेल्सियसच्या (३२ फॅरेनहाइटच्या) खाली जाणार असेल त्या रात्री आत घ्या, एकदा गोठला की भोपळा संपला.

मांडताना एकाच ओळीत एकसारखे ठेवू नका, पायरीवर किंवा कन्सोल टेबलवर मोठा मागे, दोन छोटे पुढे, मध्ये जुनी पितळी समई किंवा तांब्या. पितळ या रंगांत इतकं सुंदर दिसतं की वेगळा शोपीस घ्यायची गरजच नाही, भारतातून आणलेली जी भांडी कपाटात पडून आहेत ती बाहेर काढा.

फुलांमध्ये इथे सगळीकडे मम्स मिळतात, म्हणजे आपली शेवंतीच. पूर्ण उमललेली कुंडी घेऊ नका, कळ्या भरपूर आणि जेमतेम चार फुलं उघडलेली अशी घ्या, ती बरेच आठवडे चालते. ऊन लागतं, आणि पाणी वरून फुलांवर न घालता मुळाशी घाला, छोट्या कुंडीत मुळं गच्च असतात म्हणून माती लगेच सुकते. घरात मांजर-कुत्रा असेल तर लांब ठेवा, त्यांना हे झाड विषारी आहे.

झेंडूचं मात्र वेगळं गणित आहे. दसऱ्याच्या आठवड्यात इंडियन स्टोअरमध्ये फुलं फार महाग असतात. अंगण किंवा बाल्कनी असेल तर पुढच्या वर्षी मे महिन्यात, थंडीची शेवटची लाट गेली की बी पेरा, ऑक्टोबरपर्यंत तोरणापुरती फुलं आरामात होतात. फक्त पहिल्या फ्रॉस्टला (हिम पडतं त्या थंडीला) झाड मरतं, तर त्याच्या आदल्या दिवशी सगळी फुलं तोडून घ्या. आणि दिवाळीसाठी हवी असतील तर जवळच्या मेक्सिकन दुकानात चौकशी करा, झेंडू मूळचा तिकडचाच आणि त्यांच्या १-२ नोव्हेंबरच्या पितरांच्या सणाला त्यांना तो लागतोच.

आता पानं. ही तर फुकट आहेत आणि माझ्या मते संपूर्ण सजावटीतली सगळ्यात देखणी गोष्ट. आपल्या अंगणातली किंवा फुटपाथवरची गोळा करा, नॅशनल पार्कमधून उचलायची परवानगी नसते. कोरडी कुरकुरीत झालेली नको, नुकती पडलेली मऊ हवीत. नुसती ठेवली तर दोन दिवसांत वळतात, म्हणून एक भाग ग्लिसरीन (फार्मसीत मिळतं) आणि दोन भाग पाणी एका पसरट ट्रेमध्ये घ्या, पानं बुडवा, वरून दुसरा ट्रे वजनासाठी ठेवा आणि तीन-चार दिवसांनी काढून पुसून घ्या. रंग थोडा गडद होतो पण पान मऊ राहतं, तुटत नाही, आणि दोऱ्यात ओवून दाराला तोरण करता येतं. मुलांबरोबर करायचं असेल तर दोन वॅक्स पेपरच्या मध्ये पानं ठेवून वर-खाली जुना टॉवेल घाला आणि वाफ बंद ठेवून इस्त्री फिरवा, मग खिडकीला चिकटवा, उन्हात फार छान दिसतात.

यात एक खास झाड शोधाच, ईस्टर्न रेडबड. त्याची पानं पत्त्यांतल्या बदामाच्या, म्हणजे हृदयाच्या आकाराची असतात, फॉलमध्ये पिवळी होतात, आणि हे झाड आपल्या आपट्याच्या जवळच्या कुळातलं आहे. दसरा उशिरा ऑक्टोबरमध्ये आला तर पिवळी पानं नेमकी तेव्हाच मिळतात, सोनं द्यायला यापेक्षा चांगलं इथे काय मिळणार!

पाइनकोन (पाइनच्या झाडाची सुकी फळं) आणि एकॉर्न (ओकच्या झाडाच्या बिया) पण गोळा करा, पण थेट घरात आणू नका, आत किडे असतात. ओव्हनमध्ये फॉइलवर पसरून २०० फॅरेनहाइटला पाइनकोन अर्धा-पाऊण तास, एकॉर्न तासभर, आणि तोपर्यंत स्वयंपाकघरातून हलू नका.

कुशन कव्हर विकत घेऊ नका. जुनी इरकल, खणाचा ब्लाऊजपीस, काठ चांगला राहिलेली सुती साडी, हे सगळे मोहरी-मरून-गंजाचे रंग आपल्याकडे आधीच आहेत. १८ इंची उशीला १९ इंच रुंद, ४२ इंच लांब पट्टी पुरते, दोन्ही टोकं दुमडून शिवायची, पाठीमागे एकावर एक आणायची आणि बाजू शिवायच्या, चेन नाही बटण नाही. गोधडी सोफ्याच्या हातावर टाका.

वासासाठी महागड्या मेणबत्त्या कशाला, एका पातेल्यात पाणी, संत्र्याची सालं, दालचिनी, चार लवंगा मंद आचेवर ठेवा. मसाले इंडियन स्टोअरमधून मोठ्या पाकिटात घ्या, अमेरिकन दुकानातली छोटी बाटली त्याच्यापुढे फार महाग पडते.

दिव्यांसाठी दिवाळीच्याच वॉर्म व्हाइट माळा सप्टेंबरमध्ये काढा. डॉलर ट्री हे स्वस्त वस्तूंचं दुकान आता एक डॉलरचं राहिलं नाही, तरी बॅटरीच्या मेणबत्त्या तिथेच परवडतात. आणि हे प्लीज मनावर घ्या, वाळकी पानं, मक्याची ताटं, गवताची पेंढी यांच्या जवळ खरी पणती लावू नका. अपार्टमेंटमध्ये असाल तर पेंढी आणायच्या आधी लीज (भाडेकरार) वाचा, बऱ्याच ठिकाणी आगीच्या नियमामुळे चालत नाही.

थँक्सगिव्हिंग झालं की बटरनट आणि पाय पंपकिन किसून गूळ घालून घारगे करा, जास्त असेल तर कीस फ्रीझरमध्ये जातो. रंगवलेले आणि कोरलेले खायचे नाहीत. कोरलेले कंपोस्टमध्ये टाका, रंगवलेले कचऱ्यात. ग्लिसरीनची पानं वर्तमानपत्रात गुंडाळून शू बॉक्समध्ये ठेवली की पुढच्या वर्षी परत वापरता येतात.