कारचा स्टिरिओ चालू होतो पण आवाजच येत नाही?
डिस्प्ले लागतो, गाणं पुढे सरकतंय, पण आवाज शून्य, असं झालं की लगेच नवा स्टिरिओ घ्यायला धावू नका. आधी म्यूट आणि फेडर-बॅलन्स (आवाज पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वाटणारी सेटिंग) बघा, फेडर एका टोकाला गेलेला असला आणि त्या बाजूचे स्पीकर बंद असले तर सगळंच गेलंय असं वाटतं. मग रेडिओ, ब्लूटूथ, यूएसबी सगळं लावून बघा, एकावरच आवाज नसेल तर स्पीकरचा काही दोष नाही.

सगळीकडेच शांतता असेल तर माझा पहिला संशय वायरवर. दाराच्या बिजागरीपाशी स्पीकरची वायर सारखी वाकून वाकून सोलते, तांबं बॉडीच्या पत्र्याला टेकतं आणि स्टिरिओतला अँप (आवाज मोठा करून स्पीकरला पाठवणारा अँप्लिफायर) स्वतःला वाचवायला सगळेच चॅनल बंद करतो, म्हणजे खराब एक वायर आणि गप्प चारही स्पीकर. स्टिरिओ बंद करून मागचा सॉकेट काढा, मल्टीमीटर लावा. ४ ओहमच्या स्पीकरला साधारण ३ ते ४ ओहम दिसायला हवेत, आणि स्पीकरची कुठलीही वायर ते बॉडी यांच्यात कनेक्शन अजिबात दिसता कामा नये, दिसलं तर तीच वायर धरा.

वेगळा अँप बसवलेला असेल तर निळी-पांढरी रिमोट वायर (अँपला चालू व्हायचा इशारा देणारी) बघा, स्टिरिओ चालू असताना तिथे १२ व्होल्टच्या आसपास नसतील तर अँप जागाच होत नाही. आणि प्लीज, स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला अर्थ करू नका, त्यानेच कितीतरी चांगले स्टिरिओ जळतात.