कॅसिनोचा प्रस्ताव आल्यावर गावाने हिशेब कसा मांडावा

छोट्या गावात कॅसिनोची चर्चा निघाली की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एकाला नोकऱ्या दिसतात, दुसऱ्याला उद्ध्वस्त घरं. दोघांचंही म्हणणं खरं ठरू शकतं. कुणाचं खरं ठरेल हे एका प्रश्नावर अवलंबून असतं: तिथे हरला जाणारा पैसा कुणाचा असेल, बाहेरून येणाऱ्यांचा की गावातल्यांचा? सुरुवात तिथूनच करा.

आधी कॅसिनोचं उत्पन्न कसं तयार होतं ते समजून घ्या. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. त्याच्या युरोपीय चाकावर 37 घरं असतात: 18 लाल, 18 काळी आणि एक शून्य. त्या एका शून्यामुळे लावलेल्या रकमेपैकी सरासरी 2.7 टक्के कॅसिनोकडे राहते. अमेरिकी चाकावर दोन शून्यं असतात, तिथे हाच वाटा 5.26 टक्के होतो. छोट्या कॅसिनोची खरी कमाई मात्र बहुधा स्लॉट यंत्रांवर, म्हणजे पैसे लावून बटण दाबायच्या जुगाराच्या यंत्रांवर, चालते. समजा, एखादं यंत्र 92 टक्के परतावा देतं, म्हणजे लावलेल्या रकमेपैकी सरासरी तेवढे परत करतं. एक माणूस 1000 घेऊन आला आणि दर खेपेला 10 लावू लागला. मिनिटाला 10 खेपा धरल्या तर तासाला 600 खेपा आणि 6000 ची उलाढाल होते. त्याचे 8 टक्के म्हणजे 480. दोन तासांत सरासरी 960 गेले. परतावा 92 टक्के म्हणजे आपले 80 जातील, असं तो धरून चालला होता. पण जिंकलेलं पुन्हा यंत्रातच जातं आणि कापणी प्रत्येक खेपेवर होते. हे गणित सभेत फळ्यावर मांडा. दहा भाषणांनी होणार नाही ते त्याने होतं.

आता कंपनीकडून लेखी मागा: यंत्रं आणि टेबलं किती, वर्षाला खेळाडू एकूण किती हरतील याचा अंदाज, आणि ग्राहक किती अंतरावरून येतील त्याची टक्केवारी. 30 किलोमीटरच्या आतले किती, 100 च्या आतले किती, त्यापलीकडचे किती. नुसता ‘पर्यटक येतील’ एवढाच दावा स्वीकारू नका. मुक्कामाच्या खोल्या कमी आणि यंत्रं भरपूर असतील, तर बेत आसपासच्या माणसांवरच आखलाय असं समजा.

मग शंभराचा हिशेब करा. समजा, हरलेल्या 100 पैकी स्थानिक कर, गावातल्या माणसांचे पगार आणि गावातली खरेदी मिळून 45 गावात राहतात. त्या 100 मध्ये गावकऱ्यांनी हरलेल्या पैशाचा वाटा 20 असेल तर गावाला 25 उरतात. तोच वाटा 60 असेल तर 15 चा खड्डा पडतो, आणि त्यात कर्ज, व्यसन, मोडलेले संसार अजून धरलेलेच नाहीत. शिवाय गावकरी तिथे हरतात त्यातले बरेचसे पैसे एरवी गावच्याच दुकानांत गेले असते. आमच्या मते हरलेल्या पैशातला गावकऱ्यांचा वाटा कागदावरच निम्म्याच्या वर जात असेल, तर पुढची बोलणी करण्यात अर्थ नाही. सरळ नकार द्या.

हिशेब जमला तरच कराराकडे वळा. कर नफ्यावर ठरवू नका. मूळ कंपनीला दिलेलं व्यवस्थापन शुल्क आणि व्याज दाखवून नफा शून्यावर आणता येतो. खेळाडूंनी हरलेल्या एकूण रकमेवर कर लावा, सोबत किमान वार्षिक रक्कम आणि तिची बँक हमी घ्या. रस्ता, पाणी, सांडपाणी, पोलीस आणि रुग्णवाहिका यांचा वाढीव खर्च दार उघडण्याआधीच भरून घ्या. ‘स्थानिक’ कामगार म्हणजे कोण, याची व्याख्या कराराच्या आधीच्या तारखेने बांधा, नाहीतर काल भाड्याने राहायला आलेलाही त्यात मोजला जातो.

खेळाडूसाठीच्या अटींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. उधारी नाही, खेळाच्या जागेत एटीएम नाही, फुकट दारू नाही, आणि रोज काही तास सक्तीने बंद. सिंगापूरमध्ये स्थानिक रहिवाशांना प्रवेशशुल्क आहे: 2010 मध्ये दिवसाला 100 सिंगापूर डॉलर होतं, 2019 मध्ये 150 झालं. तिथे घरच्या माणसांना अर्ज करून एखाद्याचा प्रवेश बंद करवता येतो. ही तरतूद जरूर घ्या, कारण बुडणारा माणूस स्वतः क्वचितच अर्ज करतो. समुपदेशनाचा पैसा कॅसिनोने द्यावा, पण केंद्र त्याच्या ताब्यात नसावं.

अटी पुढे सैल होतात, हे धरूनच चाला. अमेरिकेतल्या डेडवूडमध्ये 1989 साली कॅसिनो सुरू झाले तेव्हा एका पैजेची मर्यादा 5 डॉलर होती. ती 2000 मध्ये 100 आणि 2012 मध्ये 1000 झाली. कोलोरॅडोतल्या तीन जुन्या खाणगावांत 1991 साली 5 डॉलरनेच सुरुवात झाली. 2021 पासून मर्यादा काढून टाकण्याचीही मुभा मिळाली. म्हणून परवाना पाच वर्षांचाच द्या. कुठलीही अट बदलायची तर गावकऱ्यांचं पुन्हा गुप्त मतदान, असं करारातच लिहून घ्या.

आणखी एक चूक पैसा आल्यावर होते. तो पगार आणि रोजच्या खर्चात मुरला की गाव कॅसिनोला नाही म्हणूच शकत नाही. जवळपास दुसरा कॅसिनो उघडला की उत्पन्न घसरतं. 2014 या एकाच वर्षात अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी या कॅसिनोंच्या शहरात चार कॅसिनो बंद पडले. हा पैसा फक्त एकदाच करायच्या कामांना वापरा, उरलेला राखीव ठेवा. इमारत पाडण्याच्या खर्चाची ठेवही आधीच घ्या.

प्रस्तावावर गावाचं मतदान होण्याआधी काही कामं राहतात. गेल्या 12 महिन्यांची गुन्हे, थकीत कर्जं, घरभाडी आणि दुकानांची विक्री यांची नोंद करून ठेवा. आधीचा आकडा नसेल तर नंतर नुकसान सिद्ध करता येत नाही. आणि नियोजित जागेभोवतीच्या जमिनी कुणी घेतल्या ते तपासा. ज्यांचा त्यात हितसंबंध आहे त्यांनी चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये. संपूर्ण करार किमान 30 दिवस आधी सगळ्यांना वाचायला ठेवा; एखादं परिशिष्ट ‘नंतर देतो’ म्हणून राहिलं असेल तर मतदान पुढे ढकला.