दुसरा कोंबडा ठेवण्याआधी

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकवीस दिवसांनी निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. त्यामुळे दुसरा कोंबडा बहुतेकांच्या परसात घरचाच असतो, आणि चार-पाच महिन्यांचा होऊन तो आरवायला लागला की धावपळ सुरू होते. पिल्लांच्या तुऱ्यात फरक दिसू लागला की लगेच तयारीला लागावं.

सगळ्यात आधी दुसरं खुराडं बांधा. कोंबडा नंतर. मी हे उलटं केलं होतं. धायरीत आमच्या परसात बाजारातून आणलेला गावरान कोंबडा संध्याकाळी थेट जुन्याच्या खुराड्यात सोडला. सकाळी त्याचा एक डोळा गेलेला होता. पुढे तीन वर्षं मी त्याला सांभाळला, पण ती सकाळ अजून आठवते. बाहेरून पक्षी आणायचाच असेल तर त्याला महिनाभर वेगळा ठेवा, त्याचं पाणी आणि भांडीही वेगळी ठेवा. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस झाली आहे का हे आणतानाच विचारा, शंका असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. महिना झाला की मध्ये जाळी ठेवून आठ-दहा दिवस दोघांना नुसतं एकमेकांना बघू द्या. एकत्र वाढलेले भाऊ सहसा निभावून नेतात, अनोळखी जोडीचं सांगता येत नाही.

मग कोंबड्या मोजा. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या हा ठोकताळा आहे. घरी सहाच असतील तर दुसऱ्याचा विचार सोडलेला बरा, कारण त्रास माद्यांना होतो: पाठीवरची पिसं झडतात, कातडी उघडी पडते. माद्या अजिबात नसलेल्या वेगळ्या वाड्यात मात्र तीन-चार कोंबडे बऱ्याचदा शांत राहतात. कोंबडे जास्त झाले असतील तर हा उपाय मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो.

जागा आत पक्ष्यामागे चार चौरस फूट, बाहेर दहा, आणि शक्य तेवढी जास्त. पण नुसतं मोकळं अंगण पुरत नाही, हरलेल्याला नजरेआड व्हायला आडोसा लागतो. जुनं दार तिरकं टेकवा, डाळिंबाचं झुडूप असेल तर छाटू नका. दाण्यापाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. पावसाळ्यात पक्षी दिवसदिवस आत कोंडले जातात आणि भांडणं वाढतात, म्हणून छपराखालची जागा जूनआधीच वाढवून घ्या.

शेजाऱ्यांशी आधीच बोला. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि कोंबडा पहाटे चारलाही बांग देतो. खुराडं अंधारं केल्याने थोडा फरक पडतो, पण बांग पूर्ण थांबत नाही. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की आरवण्याची वेळ कोंबड्याच्या आतल्या घड्याळावर चालते. २०१५ मध्ये त्यांनाच आढळलं की पहिली बांग कळपातल्या वरचढ कोंबड्याची असते, बाकीचे मानाच्या क्रमाने मागून देतात. म्हणजे दुसरा आला की एका बांगेला उत्तर देणारा आला! खुराडं शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपासून लांब हलवा. आपल्या भागात पक्षी पाळायला परवानगी लागते का, हेही महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. सोसायटीचे नियम वेगळे असतात.

हाताशी कानस, हळद, स्वच्छ फडकं आणि एक डालगं, म्हणजे कोंबडी झाकायची मोठी टोपली, ठेवा. पायामागचा काटा टोकाशीच घासायचा, आत जिवंत हाड असतं, रक्त येतं. आणि रक्त दिसलं की बाकीचे पक्षी तिथंच टोचत राहतात, म्हणून जखमी पक्षी लगेच डालग्याखाली घ्या.

एकत्र सोडायचा दिवस सुट्टीचा निवडा. छाती फुगवणं, एखादी झडप, मग एकाने मान वळवून निघून जाणं, इतपत चालतं. पडलेल्याला दुसरा सोडत नसेल तर फडकं टाकून उचला आणि त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नका. पुढचे पंधरा दिवस रोज अंधार पडल्यावर दबलेल्या कोंबड्याची गळ्याखालची पिशवी चाचपा. ती दाण्यांनी भरलेली लागली तर ठीक. सलग दोन रात्री रिकामी लागली, तर बांधून ठेवलेलं दुसरं खुराडं त्याचं.